पडवीतली मुलाखत

लीलाबाई एका जागी स्वस्थ बसल्यात असं मी कधी पाहिलं नाही. जेवायला बसल्या तरी एक गुडघा उभा, म्हणजे केव्हाही उठून पळता यावं. माझ्या पडवीत त्यांनी पहिली-दुसरीचा वर्ग चालवला तोवर माझ्या डोक्यामागे नुसता भुंगा लावून दिला होता. पुढे त्यांची अंजनवेलीला बदली झाली, पडवी रिकामी झाली, तर मला त्या शांततेचाही राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, सासू तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची.

बाई केळशीच्या. वडील दत्तात्रेय मास्तर, तेही शाळेतलेच. चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये ही काडीसारखी पोरगी एसटीच्या थांब्यापासून चिखल तुडवत आमच्या वाडीत आली, तेव्हा मला वाटलं, ही काय टिकते, गणपतीपर्यंत पळून जाईल. आमची वाडी दापोलीपासून आत, सगळी कुणब्यांची घरं. बाप्ये मुंबईला, आणि बायका, पोरं, म्हातारे इथे. शाळेला खोली एकच. तिथे मोठे गुरुजी तिसरी-चौथी घेऊन बसायचे आणि बारकी पोरं माझ्या पडवीत. ही पडवी सासऱ्यांनी शाळेला देऊन टाकलेली, मला कोण विचारतंय. मी लग्नानंतर लालबागला राहिलेली बाई, बोलणंसुद्धा धड इकडचं नाही की तिकडचं नाही. सासू पाय घसरून पडली आणि भातशेती बघायला नवऱ्याने मला इकडे पाठवलं. लीलाबाई माझ्याकडेच मागच्या खोलीत राहायच्या, म्हणून मला त्यांचा सगळा कारभार ठाऊक.

आमची पोरं म्हणजे तोंडाला कुलूप लावलेली. घरी आरडाओरडा करून छप्पर डोक्यावर घेतील, पण बाईंनी काही विचारलं की एकच, म्हायत नाय. तुझं नाव काय, तर मान खाली. आधीच्या मास्तरांना ते सोयीचं होतं, ते पेपर वाचायचे. लीलाबाईंना मात्र चैन पडेना. दापोलीला कसलंसं शिबिर झालं, तिथून आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या जोड्याच लावल्या. पुस्तकं तशीही सगळ्यांकडे नव्हती. दोघांत एक पुस्तक, ते दोघांच्या मांडीवर अर्धं अर्धं, एकाने बोट फिरवायचं, दुसऱ्याने वाचायचं, मग उलट. मग सगळ्यांनी मिळून, एकाने एक ओळ, शेजारच्याने पुढची. एवढा गलका व्हायचा की चुलीवरची पेज उतू गेली तरी मला कळायचं नाही. मी आतून ओरडायची, बाई म्हणायच्या, गोदावहिनी, आजच्या दिवस ऐकून घ्या. असे आजचे दिवस रोज यायचे.

आणि त्यावर ती मुलाखत. आठवडाभर जोडीदाराला विचारायचं, तुला काय आवडतं, कसली भीती वाटते, घरी तू काय काम करतोस. शनिवारी एकाने पाटावर बसायचं आणि दुसऱ्याने उभं राहून त्याच्याबद्दल वर्गाला सांगायचं. पाट कुठला, तर माझा. लग्नात नवरा बसवतात तो, पितळी फुल्यांचा. बाईंनी तो मला न विचारता माळ्यावरून काढला आणि मी चांगलं फैलावर घेतलं त्यांना. पण मग धोंडू पाटावर बसला. बापाला साताठ पोरं, त्यात हा मधला, त्याला कुणी कधी वेगळं बघितलेलं नाही. त्याचा जोडीदार खणखणीत सांगायला लागला, हा धोंडू, हा मावशीला घाबरतो, कारण ती पापे घेते. सगळी पडवी हसली आणि धोंडूचं तोंड असं फुललं की मी पाट परत मागितला नाही. त्यानंतर पोरं शनिवारची वाट बघायला लागली. ज्याची पाळी असेल त्याच्या डोक्याला आई तेल थापून पाठवायची.

राही आणि चिमा ही एक जोडी. राही शिवाची मुलगी. शिवा मुंबईला छापखान्यात, त्याने पोरीला कोरं पुस्तक पाठवलेलं, आणि त्या एका पुस्तकावर दोघींची डोकी दिवसभर टेकलेली. चिमा ही आप्पांची नात. आप्पा म्हणजे भागोजी, आमच्या गावकीचे मुख्य, नात्याने माझे चुलत सासरे. त्यांचा शब्द वाडीत कुणी खाली पडू देत नाही. आधीच्या शनिवारी चिमा पाटावर बसली, राहीने तिच्याबद्दल सांगितलं, ठसक्यात सांगितलं. पुढच्या शनिवारी राही बसणार आणि चिमा सांगणार होती. पण मधल्या आठवड्यात गावकी बसली.

झालं काय, तर शिवा थंडीत रजा काढून आला होता. त्याच्या घराच्या बाजूचा दगडी गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, गावकीने पाणंदीसाठी मागे घ्यायला सांगितला. याला पटलं नाही. नाही पटलं तर गावकीत बोल, भांड, देवासमोर गाऱ्हाणं घाल. हा शहाणा दापोलीला जाऊन पोलिसात अर्ज देऊन आला. गावकी सोडून पोलिसात गेला की आमच्याकडे दुसरी शिक्षा नाही. घर वाळीत टाकलं. त्या घराशी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, लावणीला जायचं नाही, देणंघेणं बंद. जो बोलेल त्याचं घरही त्याच रांगेत. आणि शिवा रजा संपली म्हणून मुंबईला निघून गेला. त्याला तिकडे चाळीत बोलायला माणसं होती. इथे राहिली त्याची बायको सखू आणि ती एवढीशी राही. माझं टाळकं फिरलं होतं तेव्हा, दोन्हीकडच्या बाप्यांवर, पण माझ्याही भाताला लावणीला माणसं लागतात. मी सखूशी बोलणं बंद केलं, सगळ्यांसारखंच.

सोमवारी पोरं आली ती घरून पढवलेली. राही बसली तिथून सगळी सरकली. चिमा दुसऱ्या जोडीत जाऊन तिसरी बसली, तिथे तिला पुस्तक दिसेचना. राही तांदळाच्या कणगीपाशी एकटी, मांडीवर अख्खं पुस्तक. बाईंनी ओळ ओळ वाचायला सांगितलं. फिरत फिरत राहीची ओळ आली, तिने वाचली, पुढे धोंडू. धोंडू गप्प. बाई म्हणाल्या, वाच. तर त्याने राहीच्या आधीचीच ओळ पुन्हा वाचली. पुढच्यानेही तीच. बाईंना वाटलं, ओळ चुकतेय, बोट ठेवून दाखवलं. तरी तेच. मी आत तांदूळ पाखडत होते, मला झटकन कळलं. पोरांनी आपापसात ठरवलं होतं की राहीच्या ओळीला ओळ जोडली तर ते तिच्याशी बोलल्यासारखं होतं. मोठ्यांनी एवढं सांगितलं नव्हतं बरं का, हे पोरांचं स्वतःचं डोकं. धडा पुढे सरकेना. त्या धड्यात कोणीतरी मुलगी घरी जायला निघाली होती, ती आठवडाभर वाटेतच उभी.

मग राहीच्या पुढची ओळ बाई स्वतः वाचायला लागल्या. राही, मग बाई, मग धोंडू. बाईंची ओळ चालायची, बाई सरकारी. असा धडा संपवला. पण मुलाखतीला बाईंना जोडीदार कसं होता येणार? त्या शनिवारी पाट भिंतीला टेकून उभा होता. राही तेल लावून आली होती. बाईंनी सगळ्यांना गाणी म्हणायला लावली आणि वर्ग सोडला. राही पाटाकडे बघत बघत गेली. त्यानंतर बाईंचं जेवणावरचं लक्षच उडालं, मी वाढायची आणि त्या भाताचे डोंगर करून परत मोडायच्या.

मग बाई आप्पांच्या घरी जाऊन आल्या. मी सांगितलं होतं, जाऊ नका, पण ऐकतील तर शपथ. आप्पांनी चांगलं बसवलं, चहा दिला. बाई म्हणाल्या, मोठ्यांच्या भांडणात सात वर्षांची पोर कशाला. आप्पा शांतपणे म्हणाले, शाळा तुमची बाई, पण पोरं आमची. आज हे पोर म्हणून सोडलं तर उद्या आई म्हणून सोडा म्हणाल. बाई परत आल्या त्या अंगणात फेऱ्या मारत राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या वाळत घातलेल्या मिरच्या तुडवत.

दुसऱ्या दिवशी सखू कुंपणापाशी आली. माझ्याकडे तिने बघितलं नाही, मीही हातातलं भांडं घासत राहिले, पण ऐकू सगळं येत होतं. तिने बाईंना सांगितलं, पोर रात्री झोपेत ओळी वाचते आणि पुढची ओळ कुणी म्हणत नाही म्हणून रडते. मला हे बघवत नाही. तिला मी माहेरी नेऊन ठेवते. सखूचं माहेर डोंगरापलीकडे, तिथून शाळा म्हणजे ओढा ओलांडून जायचं, तिथल्या पोरी शाळेत जातच नाहीत. बाईंना ते माहीत होतं. त्या एकदम म्हणाल्या, या शनिवारी राही पाटावर बसेल, तेवढं थांबा. सखूने विचारलं, आणि सांगणार कोण? मग स्वतःच म्हणाली, "बसवा तुम्ही. पण पोर तिथनं रडत उतरली तर सोमवारी ती तुम्हाला दिसायची नाय."

मी बाईंवर तोंड सोडलं. म्हटलं, अक्कल गहाण ठेवलीत का? त्या पोरीला सगळ्यांसमोर पाटावर बसवणार आणि कुणीच उठलं नाही तर? आणि कुणी उठलंच, तर त्या पोराच्या घरावर पाणी सोडायचं का? बाई म्हणाल्या, मला कळतंय, वहिनी. म्हटलं, कळतंय तर मग? त्या म्हणाल्या, मग काही सुचत नाहीये. आणि परत फेऱ्या. खरं सांगते, मला त्यांची दया आली आणि त्यांना दोन थपडा माराव्यात असंही वाटलं.

वाडीत गोष्ट लपते थोडीच. शुक्रवारी संध्याकाळी आप्पा माझ्या दारात. सासरे म्हटल्यावर मी त्यांच्यासमोर येत नाही, दाराआडून बोलते. ते म्हणाले, ही पडवी तुझ्या घराची आहे, तिथे काय चाललंय ते बघ. मी म्हटलं, पडवी मामंजींनी शाळेला दिली, मी चुलीजवळ असते. ते बराच वेळ खोकले आणि म्हणाले, ठीक आहे, उद्या मी येऊन बसतो, बघतो कोण बोलतं ते.

शनिवारी सकाळची शाळा. आप्पा खरंच आले आणि पायरीवर खांबाला टेकून बसले. पोरांचा आवाज गेला. बाईंचा चेहरा उतरलेला, पण पाट त्यांनीच आणून मधोमध ठेवला. राही बसली. नवीन परकर, दोन वेण्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. ती कुणाकडेच बघत नव्हती. मी दाराआड उभी, हाताला राख लागलेली तशीच.

बाई म्हणाल्या, "राहीबद्दल कोण सांगणार?"

कोणी हलेना. धोंडू पाटीवर बोट घासत होता. एका पोरीला खोकला आला तर तिने तोंड दाबलं, न जाणो खोकणंही बोलण्यात मोजतील. बाई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या, परत आल्या. राहीचा खालचा ओठ हलायला लागला. मला वाटलं, संपलं. मनात आलं, आपणच बाहेर जावं, काय व्हायचं ते होऊ दे. पण मला त्या पोरीचं काहीच ठाऊक नव्हतं, मी सांगणार तरी काय?

मग चिमा उठली. आप्पांनी मान वळवली. चिमा राहीकडे बघेना, आजोबांकडेच तोंड करून उभी राहिली, जणू त्यांनीच तिला धडा म्हणायला सांगितला होता.

"मी तिला काय विचारलं नाय," ती म्हणाली. "मला सगळं आधीचंच म्हायती हाय."

यात आप्पांना अडवण्यासारखं काही नव्हतंच. त्या घराशी बोलू नये एवढं ठरलं होतं, त्या घराबद्दल बोलू नये असं कुणी ठरवलं नव्हतं. उलट वाडीत दिवसभर दुसरा विषय कुठे होता.

चिमा सांगायला लागली. हिचं नाव राही. हिला कच्ची करवंदं मिठाला लावून आवडतात. ही डोहाला घाबरते, पण घाबरते असं सांगत नाय. ही आधी हसते आणि मग बोलते, म्हणून काय बोलली ते कळत नाय. हिचा बाबा मुंबईला छापखान्यात हाय, त्याच्या हाताची शाई जात नाय. ही माझ्यापेक्षा भरभर वाचते. पण मी मागे राहिले की ही बोट तिथेच ठेवून थांबते. इथे चिमाने परकराला नाक पुसलं आणि पुढे म्हणाली, हिचं काम गुरं आणायचं. हिच्या घरी कपिली गाय हाय, ती गाभण हाय.

"बाई," राही पाटावरून हळूच म्हणाली, "ती व्याली."

चिमा गर्रकन वळली. "कधी?"

झालं. शब्द तोंडातून गेला. चिमाने दोन्ही हात तोंडावर ठेवले, पण आता त्याचा काय उपयोग. सगळी पोरं आप्पांकडे बघायला लागली. बाई जागच्या जागी उभ्या. जो बोलेल त्याचं घरही त्याच रांगेत, हे आप्पांनीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि आप्पा आपला शब्द फिरवणारे नव्हेत. राहीसुद्धा आप्पांकडेच बघत होती. तिला उत्तर द्यायचं होतं, ते तिच्या अगदी ओठांवर आलेलं दिसत होतं, पण ती बोलेना. चिमावर संकट येईल हे त्या पोरीला कळत होतं.

आप्पांनी तंबाखू थुंकली. पंच्याने तोंड पुसलं. मग बाईंकडे बघून म्हणाले, "बाई, विचारा तिला. पाडी झाली काय पाडा?"

माझा नवरा म्हणतो, म्हातारा शेतकरी गडी, गाय व्याली म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. मला नाही पटत. मी तो चेहरा बघितला आहे. नातीच्या तोंडून गेलेला शब्द त्यांनी स्वतःच्या अंगावर ओढून घेतला, पण अर्धाच, बाईंना मध्ये घालून.

लीलाबाईंनी विचारलं नाही. कुठून त्यांच्या अंगात आलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "इथे ज्याला हवं तो स्वतः विचारतो, आप्पा."

मला वाटलं, आता म्हातारा उठून जाणार आणि आमची पडवी, शाळा, सगळ्याची वाट लागणार. चिमा रडत होती, आवाज न करता. शेवटी आप्पांनी मान वळवली, राहीकडे, सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं.

"पाडी काय गो?"

"पाडी," राही म्हणाली. "काल झाली, पांढऱ्या टिळ्याची. आईने चीक काढून ठेवलाय, पण कुणाला द्यायचा ते कळत नाय. वाया जाईल म्हणते." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुम्हाला आणू?"

आमच्याकडे गाय व्याली की पहिला चीक शेजारच्या घरांत जातो. तो घरातच ठेवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आणि चीक घेतला की ते घर आपलं, याला गावकीत दुसरा अर्थ नाही, हे माझ्यापेक्षा आप्पांना जास्त ठाऊक होतं.

आप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले. पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आण."

राही पाटावरून उडी मारून निघालीसुद्धा. शाळा सुटायला अजून अवकाश होता, पण बाईंनी तिला हाक मारली नाही, आणि चिमा आजोबांना न विचारता तिच्यामागे धावली.